ओंडक्यातली काथवट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे खांब, बुद्धिबळातली प्यादी. घरातल्या या लाकडी वस्तू एकमेकींपासून अगदी वेगळ्या, पण त्या सगळ्या गोल आहेत आणि एकाच प्रकारच्या कारागिराच्या हातून आलेल्या आहेत. त्याला आपल्याकडे कातारी म्हणतात, काही भागांत खरादी म्हणतात. सुतार लाकूड पक्के धरतो आणि हत्यार चालवतो. कातारी लाकूड गरगर फिरवतो आणि हत्यार त्याला टेकवून धरतो. सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळे आपण कौतुकाने घरी आणतो, ती अशीच फिरत्या लाकडातून आकाराला येतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेने चमकणारी खेळणीही तशीच. ती ज्या पांढऱ्या, गुळगुळीत लाकडाची होतात ते झाड आपल्या रानातही आहे, काळा कुडा.

पण मित्रहो, मला आज कातारकामाविषयी बोलायचे नाही. त्याच्या आधीच्या कामाविषयी बोलायचे आहे. झाड पडल्यापासून त्याचा तुकडा कातारकामाच्या यंत्रावर चढेपर्यंत मधे जे काही होते, किंवा होत नाही, त्याविषयी. त्या तुकड्याला आपण साध्या भाषेत ठोकळा म्हणू. हा ठोकळा ओंडक्यातून कसा काढायचा हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मी एक झाड वाया घालवले आणि मग शिकलो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आमच्या परसातला रायवळ आंबा त्या दुपारी मुळासकट आडवा झाला. तो माझ्या आजीने लावलेला. बुंधा इतका मोठा की दोन माणसांच्या कवेत येत नसे. घराची कौले उडाली होती, गावात वीज नव्हती, रस्त्यांवर झाडे पडलेली. अशा वेळी आंब्याचा विचार कोण करणार? पण आई चौथ्या दिवशी म्हणाली, "आंबा गेला तो गेला. त्याची एक काथवट करून घे."

काथवट म्हणजे पीठ मळायचे लाकडी पसरट भांडे. आईच्या माहेरून आलेली काथवट कधीच फुटली होती. स्टीलच्या परातीत तांदळाची उकड मळताना ती परात घसरते, तापते, हाताला चटका बसतो, अशी आईची जुनी तक्रार होती. मला वाटले, एवढे मोठे झाड आहे, एक काथवट काय, दहा होतील.

झाडे कापणारी माणसे यंत्र घेऊन आली. त्यांनी नेहमीप्रमाणे बुंध्याचे आडवे काप घेतले. वीतभर जाडीच्या गोल चकत्या पाडल्या. मला त्या चकत्या पाहून फार आनंद झाला. प्रत्येक चकती म्हणजे तयार गोल भांडेच, फक्त आतून कोरायचे बाकी. आम्ही त्या पडवीत एकावर एक रचून ठेवल्या. पावसाळाभर त्यांच्यावर काळी-निळी बुरशी चढत गेली. ऑक्टोबरचे ऊन तापले आणि एका रात्री पडवीतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. सकाळी पाहतो तो वरच्या चकतीला मध्यापासून सालीपर्यंत तडा गेलेला, बोट जाईल एवढा रुंद. पंधरवड्यात बहुतेक सगळ्या चकत्या तडकल्या.

तालुक्याच्या गावी एक वयस्क कातारी आहेत. त्यांना बोलावून आणले. त्यांनी चकत्यांकडे पाहिले, एक उचलून उन्हात धरली आणि म्हणाले, "भाई, वादळाने झाड पाडलं. लाकूड तुम्ही मारलंत."

आईने काही म्हटले नाही. त्या चकत्या फोडून हिवाळाभर आंघोळीचे पाणी तापवले.

चकती का फुटते, हे त्या दिवशी कातारीकाकांनी मला समजावून सांगितले. पुढे मी थोडे वाचलेही. ते समजले की बाकीचे सगळे काम आपोआप समजते.

लाकूड म्हणजे भाताच्या पेंढीसारखा बारीक नळ्यांचा भारा. झाड जिवंत असताना या नळ्या पाण्याने भरलेल्या असतात. पाणी दोन ठिकाणी असते, नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतींत. झाड पडल्यावर आधी पोकळीतले पाणी जाते. तेव्हा लाकूड हलके होते, पण त्याचा आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी उरले की भिंतींतले पाणी निघू लागते, आणि तिथून लाकूड आकसू लागते.

हे आकसणे सगळीकडे सारखे असते तर प्रश्नच नव्हता. चकती थोडी लहान झाली असती, एवढेच. पण लाकूड लांबीत जवळजवळ आकसतच नाही. मध्यबिंदूपासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत ते थोडे आकसते. आणि गोल फिरणाऱ्या वलयांच्या दिशेत त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट आकसते. आता ही चकती डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या वलयाला खूप लहान व्हायचे आहे, पण आतले लाकूड तेवढे लहान व्हायला तयार नाही. फुगलेल्या बोटावर अंगठी घट्ट बसावी तसे ते वलय ताणले जाते. शेवटी ते कुठेतरी तुटते. तडा सालीकडे रुंद आणि मध्याकडे निमुळता असतो, तो यामुळेच. मध्यबिंदू मधोमध असलेली अखंड चकती वाळताना फुटली नाही तर तो नशिबाचा भाग. फुटणे हा तिचा स्वभाव.

दुसरी गोष्ट, आडव्या कापावर त्या सगळ्या नळ्यांची तोंडे उघडी पडतात. तिथून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा दहा-पंधरा पटीने लवकर बाहेर जाते. वीतभर चकतीला दोन्हीकडे फक्त तोंडेच तोंडे. त्यामुळे तिची कड वाळून आकसते तेव्हा पोट अजून ओलेच असते. आणि समजा, एखादी चकती फुटली नाहीच, तिची काथवट झाली, तरी तिच्या तळाशी नळ्या उभ्या राहणार. ते भांडे पाणी पीत राहील, पाझरेलसुद्धा.

मग काथवट ओंडक्यात असते कुठे? कातारीकाकांनी मातीत काटकीने आकृती काढली. ओंडका आडवा ठेवायचा आणि त्याला लांबीच्या दिशेने, बरोबर मध्यबिंदूतून चिरायचे. दोन अर्धगोल होतात. प्रत्येकाची एक बाजू सपाट, दुसरी सालीची गोल पाठ. काथवटीचे तोंड सपाट बाजूला आणि तिचा तळ सालीच्या बाजूला. म्हणजे नळ्या काथवटीच्या तळातून आडव्या जातात, उभ्या नव्हेत. पाणी पाझरायला वाट उरत नाही. आणि मध्यबिंदू कापला गेल्यामुळे वलये बंद राहत नाहीत. त्यांना आकसायला मोकळीक मिळते. अर्धा ओंडका वाळताना आपला आकार बदलतो, सपाट बाजू मध्यावर किंचित फुगते, कडा मागे झुकतात, पण तो फुटत नाही.

हे सगळे ऐकून मी त्यांना विचारले, "मग आता काय करू?" ते म्हणाले, "आता काही नाही. पुढचं झाड पडलं की त्याच दिवशी फोन करा."

पुढचे झाड पडावे अशी इच्छा कोण करील? पण मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासून गेले आणि विहिरीजवळचा फणस कोसळला. या वेळी मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. करोनाचे निर्बंध होते, काकांना लगेच येणे शक्य नव्हते. त्यांनी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. एक, बुंधा तोडू नका, जेवढा लांब ठेवता येईल तेवढा लांब ठेवा. दोन, जी टोके उघडी पडली असतील त्यांना मेण नाहीतर उरलेला तैलरंग जाड फासा. तीन, जमिनीवर ठेवू नका आणि उन्हात ठेवू नका.

लांब ओंडका टोकांकडून वाळतो. तडे टोकाला पडतात आणि काही इंच आत जातात, पोट ओले राहते. काम करायच्या दिवशी टोकाचा तेवढा तडकलेला भाग कापून टाकला की आत लाकूड ताजे मिळते. आम्ही घराच्या खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग फणसाच्या दोन्ही टोकांना फासला. बुंध्याखाली दोन वासे सरकवले, वरून झावळ्या टाकल्या.

मधल्या दिवसांत आणखी एक काम होते. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. साग, चिंच, मोह, जांभूळ, खैर हीसुद्धा आहेत. आपल्या जमिनीतले असले तरी असे झाड मनाला येईल तसे तोडता येत नाही. वादळाने पडलेल्या झाडाचीही वन खात्याकडे खबर देऊन, पंचनामा करून घेतलेला बरा, विशेषतः लाकूड गावाबाहेर न्यायचे असेल तर. आम्ही तसे केले.

दहाव्या दिवशी काका आले. यंत्र माझ्या पुतण्याने मागून आणले होते. ही साखळीची करवत हल्ली खेडोपाडी पोचली आहे, पण तिची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. साखळीला दात बसवायची कल्पना आधी वैद्यकातली. बर्नहार्ड हाइने या जर्मन माणसाने १८३० च्या सुमारास हाड कापण्यासाठी हाताने फिरवायचे असे एक हत्यार केले होते. झाडे कापायची विजेवरची साखळी करवत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये जर्मनीत बनवली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची. पण सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे टोकदार असत, ते लाकूड ओरबाडत. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीकडे-उजवीकडे चरत लाकडातून सहज पुढे जात होती. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा, दोन्ही आकड्यासारखे वळलेले, अशी साखळी केली. आज बहुतेक सगळ्या करवतींची साखळी त्याच घराण्यातली आहे. ज्या अळीला आपण लाकडाचा शत्रू समजतो तिच्याकडून माणूस लाकूड कापायला शिकला, याची मला मोठी गंमत वाटते.

हे यंत्र मुळात आडवा काप घेण्यासाठी घडवलेले आहे. त्याच्या दातांना साधारण तीस अंशांची तिरपी धार असते. उभे चिरायचे तर धार जवळजवळ सरळ, दहा अंशांची लागते. तशी साखळी नसली तरी काम होते, फक्त वेळ लागतो आणि वारंवार धार लावावी लागते. त्यात एक युक्ती आहे. ओंडका उभा करून वरून, नळ्यांच्या तोंडांवर करवत चालवली तर बारीक भुसा पडतो आणि यंत्र रडते. तोच ओंडका आडवा ठेवून सालीवरून, करवतीचे पाते नळ्यांच्या दिशेला समांतर ठेवून कापला तर लांब लांब शेवयांसारखे धागे निघतात आणि पाते लोण्यात गेल्यासारखे उतरते. मात्र या शेवया यंत्राच्या पोटात अडकतात. थांबून थांबून, इंजिन बंद करून त्या काढाव्या लागतात.

काकांनी आधी टोकाकडून चार इंचांची चकती काढून टाकली. आतला काप तपासला. पिवळाधमक फणस, एकही तडा नाही. मग चौदा इंचांच्या काथवटीसाठी सोळा इंच लांबीचा ओंडका मोजला. नियम सोपा आहे. जेवढा ठोकळ्याचा व्यास तेवढी ओंडक्याची लांबी, वर दोन इंच वाळताना टोके तडकली तर कापून टाकायला. कमी लांबी ठेवली तर भांडे लहान होते, जास्त ठेवली तर लाकूड फुकट जाते.

मग त्यांनी खिशातून खडू काढला. टोकावर मध्यबिंदू शोधला. तो नेहमी मधोमध असतोच असे नाही, कललेल्या झाडात एका बाजूला सरकलेला असतो. त्यातून एक रेघ ओढली. एखादा तडा आधीच दिसत असेल तर रेघ त्याच तड्यावरून न्यायची, म्हणजे तो कापातच जातो. मग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचावर आणखी दोन रेघा. मधली रेघ फक्त वाट दाखवायला, कापायचे बाजूच्या दोन रेघांवर. मधली तीन इंचांची फळी मध्यबिंदूसकट वेगळी निघते. काका म्हणाले, "ही टाकायची नाही. मधला दोन बोटं भाग काढून टाकला की दोन्हीकडच्या पट्ट्यांची लाटणी होतात. ती वाकत नाहीत."

ओंडका लोळू नये म्हणून त्याला दोन बाजूंनी पाचरी ठोकल्या. खाली लाकडे ठेवली, म्हणजे काप पूर्ण झाल्यावर साखळी मातीत जाणार नाही. साखळी मातीला क्षणभर लागली तरी तिची धार जाते. पुतण्या लुंगी नेसून, पायात स्लिपर घालून यंत्र उचलायला आला, तेव्हा काकांनी त्याला परत पाठवले. "पँट घाल, बूट घाल, डोळ्यांवर काहीतरी लाव, कानात बोळे घाल. मग ये." तो कुरकुरत गेला.

श्रोत्यांपैकी कोणी हे काम करणार असेल तर एवढे लक्षात ठेवा. साखळी सेकंदाला वीस मीटर वेगाने धावते. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग चुकून लाकडाला लागला तर यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत उसळून मागे येते, मानेकडे किंवा चेहऱ्याकडे. म्हणून दोन्ही हातांनी, अंगठे मुठीखाली वळवून धरायचे. पात्याच्या रेषेत उभे राहायचे नाही, किंचित बाजूला राहायचे. खांद्याच्या वर यंत्र न्यायचे नाही. साखळीला ब्रेक असतो, तो रोज तपासायचा. आणि एकट्याने हे काम करायचे नाही. लहान गोल तुकडा पायाने दाबून कापणे तर कधीच नाही. आपले हातपाय घडवून देणारा कातारी अजून जन्मला नाही.

दोन अर्धे झाल्यावर काकांनी सपाट बाजूवर दोरी आणि खिळ्याने वर्तुळ काढले. चारही कोपरे यंत्राने उडवले. चौकोनाचा अष्टकोन झाला. पूर्वी हेच काम कुऱ्हाडीने आणि वाकसाने होत असे आणि त्याला अख्खा दिवस लागे. आमचे दोन ठोकळे दोन तासांत तयार झाले. लगेच एका डब्यात मेण वितळवून आडव्या कापाच्या सगळ्या भागांवर ब्रशने लावले. संध्याकाळी ते ठोकळे ओल्या गोणपाटात गुंडाळून काकांच्या रिक्षात चढले.

त्यांनी आठवडाभरात ते ओलेच कातून ठेवले, पण जाड. व्यासाच्या एक दशांश जाडी ठेवायची, चौदा इंचांना दीड इंचाच्या जवळपास. पोट कोरलेले असल्यामुळे आतबाहेर वाळणे सारखे होते आणि कडेला वाकायला जागा मिळते. मग ते भांडे कागदी पिशवीत घालून, वजन करून, पिशवीवर तारीख लिहून माळ्यावर ठेवले. दर महिन्याला वजन करायचे. वजन कमी व्हायचे थांबले की लाकूड हवेशी जुळले. आमच्याकडची दमट हवा, त्यामुळे आठ महिने लागले. तोपर्यंत भांडे लंबगोल झाले होते. एका बाजूने ते दुसऱ्या बाजूपेक्षा बोटभर कमी. ते पुन्हा यंत्रावर चढवून शेवटचे गोल केले, खोबरेल तेल चोळले.

दोन ठोकळ्यांपैकी एक काकांकडेच राहिला, मजुरीत. दुसरा २०२२ च्या फेब्रुवारीत घरी आला. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडाने हळूहळू तांबूस होत जाते. दक्षिणेत याच लाकडाची वीणा होते, मृदंग होतो. आमच्याकडे काथवट झाली. आईने ती पहिल्या दिवशी पालथी घालून तळ पाहिला, वास घेतला आणि म्हणाली, "आंब्याची असती तर जड झाली असती." एवढेच. पण परात तिने त्यानंतर मळायला घेतली नाही. ती काथवट तिने दीड वर्ष वापरली. आता माझी पत्नी वापरते. रंग पिवळ्याचा तपकिरी झाला आहे. आईचा हात जिथे जास्त फिरे तिथे ती जरा अधिक गुळगुळीत लागते.

दर पावसाळ्याच्या तोंडावर झाडे पडतात. रस्ता मोकळा करायची घाई असते, ती योग्यच आहे. पण कापणाऱ्या माणसाला एवढेच सांगा की चकत्या पाडू नकोस, बुंधा लांब ठेव. टोकांना घरातला उरलेला रंग फासा आणि त्याच दिवशी कुणा कातारीला फोन करा. आमच्या काकांचे वय आता बरेच झाले आहे, पण ते अजून फोन उचलतात. गेल्या वर्षापासून पुतण्या त्यांच्याकडे शिकायला जातो, पायात बूट घालून.